चोरखिसा : विरार लोकलपासून तवाफपर्यंत पैसे आणि पासपोर्ट सांभाळणारे कपडे

उमऱ्याला निघालेल्या घरात शेवटच्या दोन दिवसांत एक प्रश्न हमखास येतो. रियाल बदलून आणलेत, पासपोर्ट हातात आलाय, अब्बांची औषधं वेगळी बांधलीत. आता हे सगळं अंगावर ठेवायचं कुठे? कुणी म्हणतं गळ्यातली पिशवी बरी, कुणी म्हणतं कमरेचा पट्टा, आणि अम्मी जुन्या सवयीने रुमालाला गाठ मारून मोकळी होते. मीरा-भाईंदरच्या माणसाला हा प्रश्न खरं तर रोजचाच आहे. फरक एवढाच की विरार लोकलच्या दारात गेलं तर एक पाकीट जातं, परदेशात गेलं तर सगळी सफरच अडकून बसते.

बाजारात ‘अँटी-थेफ्ट’ अशी चिठ्ठी लावलेली जॅकेट, पँट, पाऊच भरपूर मिळतात. काही चांगली आहेत, बरीचशी नुसतीच महाग. त्यांची जाहिरात इथे करायची नाही. घरात आहेत त्याच कुर्ता, सलवार, पँट, अबायामध्ये गल्लीतल्या टेलरकडून काय बदल करून घेता येतात, आणि एहराममध्ये काय चालतं, एवढंच इथे एकत्र दिलं आहे.

खिसेकापू काम कसं करतो

त्याला तीन गोष्टी लागतात : गर्दीचा धक्का, दुसरीकडे गेलेलं तुमचं लक्ष आणि दोन-तीन सेकंद. धावत्या गाडीत आत नीट उभ्या असलेल्या माणसापेक्षा चढणारा-उतरणारा माणूस त्याला सोपा. संध्याकाळी मीरा रोडला उतरायचं तर दहिसर सुटल्याबरोबर दाराकडे सरकावं लागतं. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात डबा किंवा बॅग, मागून रेटा. त्या वेळी कुणाचा हात कुठे लागला हे कळणार तरी कसं? हात सगळीकडूनच लागत असतात.

तो क्वचितच एकटा असतो. एक जण वाट अडवतो, दुसरा धक्का देतो, तिसरा दोन बोटांनी पाकीट वर उचलतो आणि लगेच पुढे देऊन टाकतो. तुम्ही मागे वळून ज्याची कॉलर धराल त्याच्याकडे काहीच सापडत नाही. खिसा खोल असेल तर ब्लेड चालतं, तेही खालून. वस्तू आपोआप त्याच्या हातात पडते आणि घरी येईपर्यंत खिशाला पडलेली चीर दिसत नाही.

दारात उभं राहून मोबाईल बघणाऱ्यांसाठी ‘फटका गँग’ वेगळीच. रुळांच्या कडेला उभा राहून हातावर काठी मारायची, पडलेला मोबाईल उचलायचा. त्यात लोकांचे तोलही गेले आहेत. तिथे कोणताही शिवलेला खिसा कामाचा नाही. दारात मोबाईल बाहेर काढायचाच नाही, हाच इलाज.

कपड्याकडून अपेक्षा किती ठेवायची, ते यावरून ठरतं. कपडा चोराला रोखून धरत नाही. तो त्याचा वेळ खातो आणि तुमच्या अंगाला जाणीव करून देतो. मागच्या खिशाला हात लागला तर गर्दीत फारसं कळत नाही. पोटाशी, मांडीच्या पुढच्या बाजूला किंवा छातीशी लागला तर माणूस दचकतो. म्हणून खिसा पुढे हवा, अंगाला घट्ट बसलेला हवा, त्याचं तोंड लहान हवं आणि उघडायला तुम्हालाच जरा खटपट पडली पाहिजे.

नाव चोराचं, काम राखणदाराचं

मराठीत आतल्या, न दिसणाऱ्या खिशाला चोरखिसा म्हणतात. चोरवाट, चोरदरवाजा, चोरकप्पा, तसाच हा. आपल्या आजोबांच्या बंडीला तो असायचाच, छातीच्या डाव्या बाजूला, आतून. व्यापाऱ्यांच्या कमरेला पैशांचा कसा असे. नऊवारी नेसणाऱ्या बायका कनवटीला पैसे लावत, सलवार-कमीजवाल्या ओढणीच्या टोकाला गाठ मारत, आणि कोकणात लुंगी नेसणारे म्हातारे आजही नोटा कमरेच्या घडीत खोचतात.

हज जहाजाने व्हायचा तेव्हा ही कला जास्तच लागत असे. मुंबई ते जेद्दा ही जहाजाची वाट १९९५ पर्यंत चालू होती. रत्नागिरी, रायगडकडून आलेले हाजी आधी मुंबईत मुसाफिरखान्यात उतरायचे, मग बंदरावर जायचे. कार्ड नाही, एटीएम नाही. जायचा, राहायचा, कुर्बानीचा सगळा खर्च नोटांच्या रूपात अंगावर. त्या पिढीचे कपडे घरीच किंवा ओळखीच्या दर्जीकडे शिवले जात, त्यामुळे खिसा कुठे हवा हे सांगता यायचं. रेडिमेड आल्यापासून आपण कंपनीने जिथे खिसा दिला तिथेच पैसे ठेवायला शिकलो. त्यातला सगळ्यात वाईट तो पँटचा मागचा खिसा, आणि नेमकं पाकीट तिथेच.

रोजचा खिसा, ठेवणीचा खिसा

शिलाईकडे वळण्याआधी ही एक गोष्ट पक्की करायला हवी, कारण इथेच लोक चुकतात. चांगला पट्टा घेतात, त्यात सगळे पैसे ठेवतात, आणि मग चहा घ्यायला, रिक्षाचं भाडं द्यायला, सदका द्यायला भर गर्दीत तोच पट्टा उघडतात. बघणाऱ्याने बघितलं, संपलं. लपवलेला खिसा चार लोकांसमोर उघडला की लपलेला राहत नाही.

म्हणून अंगावर दोन वेगळे खिसे हवेत. रोजच्या खिशात दिवसभराला लागणारे सुटे पैसे, तिकीट किंवा पास, एक कार्ड. ठेवणीच्या खिशात पासपोर्ट, मोठी रक्कम, दुसरं कार्ड. ठेवणीचा खिसा फक्त बंद दाराआड उघडायचा : हॉटेलची खोली, घर, फार तर बाथरूम. रोजचा गेलाच तर चरफड होईल, पण घरी परतता येईल.

आणखी एक सवय सोडवायला लागते. गर्दीत शिरल्याबरोबर आपला हात आपोआप ऐवजाकडे जातो, चाचपून बघतो. ‘खिसेकापूंपासून सावध’ हा बोर्ड वाचला की तर हमखास. जो हेरत उभा असतो त्याला खिसा कुठे आहे हे आपणच दाखवून देतो. चाचपायचंच असेल तर घरातून निघताना जिन्यात चाचपून घ्या.

कुर्ता, पठाणी आणि सलवार

कुर्त्याचा बाजूचा खिसा आरामाचा आहे, सुरक्षित नाही. तोंड मोठं, पिशवी लांब आणि झुलती. लोकलच्या बाकावर बसलं की ती मागे घसरते आणि मोबाईल कधी सीटवर येऊन पडला कळत नाही. तो चोरीला जात नाही, आपणच सोडून येतो. पण मिळतो थोडाच!

टेलरला सांगायचं ते असं. खिशाचं तोंड खालच्या बाजूने शिवून आपला पंजा जेमतेम जाईल एवढंच ठेवायचं. त्याला चेन लावायची, आणि चेन बंद केल्यावर रनर वरच्या टोकाला यायला हवा. तो खाली आला तर लोंबता रनर दुसऱ्याच्या हाताला सहज लागतो. खिशाची झुलती पिशवी कुर्त्याच्या पुढच्या भागाला आतून दोन-तीन ठिकाणी टाके घालून पक्की करायची. त्यामुळे ती मागे घसरत नाही आणि खालून ब्लेड लावायलाही सोपी जात नाही. कापड पातळ असेल तर पिशवी मांजरपाटाची किंवा ड्रिलची करून घ्यावी.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे खिशातला खिसा. बाजूच्या मोठ्या खिशाच्या आत, अंगाकडच्या भिंतीवर, एक लहान चेनचा खिसा बसवायचा. वरच्या खिशात रुमाल, तस्बीह, टोपी, आतल्यात पैसे. दोन बोटं घालणाऱ्याच्या हाती टोपी लागते.

छातीच्या खिशाबद्दल नमाजी माणसाला वेगळं सांगायला नको. रुकूत गेलं की पेन घसरतं, सजद्यात मोबाईल. वजू करताना हौजात पडलेले मोबाईल प्रत्येक मोहल्ल्याच्या आठवणीत असतील. छातीशी खिसा हवाच असेल तर तो आतून, बटणपट्टीच्या डाव्या बाजूला, उभ्या तोंडाचा करून घ्या. एक बटण काढून हात आत घालता येतो आणि वाकलं तरी काही पडत नाही. पठाणीला हा खिसा फार छान बसतो, जाड कापडामुळे बाहेरून उठून दिसत नाही.

पण ठेवणीसाठी सगळ्यात चांगली जागा सलवार-पायजम्याची. नेफ्याच्या खाली चार बोटं सोडून, पुढच्या बाजूला, आडव्या चेनचा चपटा खिसा. वर कुर्त्याचा घोळ येतो, बाहेरून काहीच कळत नाही, आणि तिथे परका हात लागला तर कळल्याशिवाय राहत नाही. यात दोन अडचणी आहेत. नाडीच्या सलवारीत जड वस्तू ठेवली की ती खाली ओढते, म्हणून इथे मोबाईल नको, फक्त कागद, नोटा, कार्ड. दुसरी म्हणजे संडासात बसताना चेन उघडी राहिलेली असली तर पुढे काय होतं हे लिहायला नको. चेन लावून मगच नाडी सोडायची.

पँट आणि जीन्स

मागचा खिसा वापरायचा नाही. हात सवयीने तिकडे जातच असेल तर सरळ शिवून टाका. त्यावरचं बटण म्हणजे मनाची समजूत आहे, सराईत माणूस ते एका बोटाने काढतो. पुढच्या तिरक्या खिशाच्या आत एक चेनचा छोटा कप्पा बसवता येतो. रेडिमेड पँटमध्ये खिशाचं अस्तर फार पातळ असतं, सहा महिन्यांत भोक पडतं आणि सुटे पैसे पायातून ओघळतात. ते अस्तर बदलून घेणं अर्ध्या तासाचं काम आहे, टेलर कुरकुरतो पण करतो.

आतून चेन असलेला चामडी पट्टाही उपयोगी. पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते. लांबीच्या बाजूने तीन घड्या केल्या की साधारण दोन सेंटिमीटरची पट्टी होते आणि ती त्यात सरकते. गावी जाताना, विशेषतः रात्रीच्या गाडीत झोपणार असाल, तर हा पट्टा बरा.

चेन, बटण, वेलक्रो

चेन पाच नंबरची घ्यावी. तीन नंबरची नाजूक असते आणि नोटांच्या फुगवट्याने तुटते. रनरला लहान दोऱ्याचा फास करून तो आतल्या हुकात अडकवता आला तर उत्तम, नुसती चेन ओढून उघडत नाही. वेलक्रोचा एक फायदा आहे, तो आवाज करतो. पण त्यात कापसाचे तंतू अडकले की पकड जाते, आणि जमातीत कुणी चर्र करून खिसा उघडला की सगळी सफ वळून बघते. टिच बटण एका झटक्यात उघडतं, ते चेनच्या वरच्या पडद्यासाठी ठीक, एकटं नको. सेफ्टी पिन तात्पुरती. मात्र हाताशी काहीच नसेल तर मोठी पिन खिशाच्या तोंडाला आतून आडवी लावली तरी दोन बोटांची वाट अडते.

मापं तोंडी सांगण्यापेक्षा वस्तूच टेलरकडे घेऊन जा. पासपोर्ट १२.५ सेंटिमीटर लांब, ८.८ रुंद, त्याला आत साधारण १५ बाय ११ ची मोकळी जागा हवी, नाहीतर काढताना कोपरे दुमडतात. एटीएम कार्ड साधारण साडेआठ बाय साडेपाच सेंटिमीटरचं असतं. मोबाईलचं माप ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर, कव्हरसकट. खिशाच्या दोन्ही कोपऱ्यांवर बखिया दोनदा फिरवून घ्यायला सांगा, खिसा फाटतो तो कोपऱ्यातूनच.

नया नगर, पूजा नगर भागात कपडे शिवून घेणाऱ्यांना हे माहीतच आहे, तरी सांगतो : निम्मा रमजान झाला की बहुतेक टेलर नवं काम हातात घेत नाहीत. रमजानच्या उमऱ्याला जाणाऱ्यांनी हे काम शाबानमध्येच उरकावं.

कपडा घरी आला की एक परीक्षा घ्या. खिशात जुनं कार्ड ठेवा, घरातल्या घरात गर्दी करा आणि मुलांना सांगा, मला न कळता काढून दाखवा. काढेल त्याला आइस्क्रीम. पोरं ज्या वाटेने काढतात तिथेच एक टाका कमी आहे.

बायकांचे कपडे

रेडिमेड कुर्तीला खिसा नसतो किंवा असून नसल्यासारखा, त्यामुळे सगळा संसार पर्समध्ये. लेडीज डब्यात गर्दीत पर्स पाठीमागे गेली की तिची चेन कोण उघडतंय ते दिसत नाही. पर्स पुढे, कोपराखाली घेणं ही पहिली पायरी. पण ठेवणीचा ऐवज पर्समध्ये नकोच.

बुरखा किंवा अबाया घालणाऱ्या बायकांना एक मोठी सोय आहे, ती वापरली जात नाही. अंगावर कपड्यांचे दोन थर असतात. आतल्या कमीजला किंवा सलवारीला खिसा आणि वरच्या अबायाला फक्त हात जाण्यापुरती फट, असं केलं तर परक्या माणसाला दोन दारं ओलांडावी लागतात. हात सरळ खाली सोडला की मनगट जिथे येतं तिथे बाजूच्या शिवणीत पंजाएवढी जागा उसवायची, कडा पट्टीने बांधून घ्यायच्या. फट उघडी पडून आतले कपडे दिसू नयेत म्हणून आतून चार बोटं रुंद पडदा लावायचा आणि मध्ये एक टिच बटण. सतराचा प्रश्न मिटतो आणि फट आहे हेही कळत नाही. खिसा फटीच्या बरोबर समोर न ठेवता जरा पुढे, पोटाकडे ठेवायला सांगा. आपला हात वळतो, मागून आलेल्याचा वळत नाही.

ज्यांना अबायाला फट नको त्यांनी पुढून उघडणाऱ्या अबायाच्या पट्टीला आतून उभ्या चेनचा खिसा लावून घ्यावा. लहान पर्स आडवी अडकवून त्यावर अबाया घालण्याची पद्धतही आहे. सुरक्षित आहे, पण तिकिटासाठी दर वेळी झगडावं लागतं आणि शेवटी बाई कंटाळून पर्स बाहेर काढते. म्हणून त्याच्या जोडीला सुट्या पैशांचा रोजचा खिसा लागतोच.

साडी नेसणाऱ्यांसाठी चेनचा खिसा असलेले परकर बाजारात तयार मिळतात, किंवा घरच्या परकराला कमरेच्या खाली एक बसवून घेता येतो. नाडीला बटवा बांधून तो आत सोडण्याची जुनी रीतही वाईट नाही. फक्त बटव्याची दोरी नाडीत ओवून घ्यावी. नुसती पिन लावलेला बटवा एखाद्या दिवशी पिनेसकट राहून जातो.

सोनं घालून लोकलने किंवा रेटारेटीच्या ठिकाणी जाऊ नये हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि लग्नाला जाताना सगळे विसरतात. दागिने आतल्या खिशात न्यावेत, हॉलवर घालावेत. माहीमचा उरूस, हाजी अली, अजमेर इथेही तेच. अरुंद वाटेत रेटा येतो तिथे सगळ्यात जास्त सांभाळायचं. मुलांच्या खिशात पैसे नकोत. घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून त्यांच्या खिशात शिवून टाका.

एहराममध्ये काय चालतं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. ‘एहराममध्ये शिवलेलं चालत नाही’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, आणि मग पट्ट्याला शिवण आहे, पाऊचला चेन आहे, म्हणून भले भले शंका काढतात. मनाई आहे ती पुरुषाला कुर्ता, पायजमा, पगडी, टोपी जोडलेला झगा, चामडी मोजे अशा, अंगाच्या आकाराला बेतून केलेल्या पेहरावाची. एखाद्या वस्तूत सुईचा टाका असणं हा मुद्दा नाही; नाहीतर शिवलेली चप्पलही चालली नसती.

पैशांच्या कमरपट्ट्याला अरबीत हिमयान म्हणतात, आणि हा प्रश्न आजचा नाही. एहराममधल्या माणसाने हिमयान बांधण्याबद्दल हजरत आयशा (रजि.) यांना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही, अशी रिवायत आहे, हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांचंही असंच मत नोंदलेलं आहे. हनफी आणि शाफई दोन्ही मजहबांत तो जायज आहे, म्हणजे आपल्या कोकणी घरांना आणि शेजारच्या हनफी घरांनाही उत्तर एकच. एहरामच्या चादरीलाच खिसा शिवून घ्यावा का, पिना लावाव्यात का, यावर मात्र उलमांची मतं वेगवेगळी आहेत. पट्टा असताना त्या वादात पडायची गरजही उरत नाही. तरी करायचंच असेल तर आपल्या आलिमांना विचारून करा. बायकांचा एहराम म्हणजे त्यांचे नेहमीचेच शिवलेले कपडे; त्यांना मनाई आहे ती नकाब आणि हातमोज्यांची. म्हणून वर सांगितलेले सगळे खिसे त्यांना जसेच्या तसे चालतात.

पट्टा घेताना रुंद घ्या, तो खालची चादरही सरकू देत नाही. नुसत्या प्लास्टिकच्या क्लिपचा नको. दोन बाजूंनी चिमटीत धरली की ती सुटते. क्लिपबरोबर वेलक्रो किंवा दुहेरी बकल असलेला पाहा, आणि बकल मागे न ठेवता पुढे किंवा कुशीला घ्या. पट्टा बांधला की चादरीची वरची कड त्यावर दोनदा गुंडाळायची, म्हणजे चेन आत झाकली जाते. पट्ट्याला बाहेरून मोबाईलचा कप्पा असेल तर त्यात रोजचे सुटे रियाल ठेवा, बाकी काही नको. घामाने नोटा आणि कागद लगद्यासारखे होतात, त्यामुळे प्रत्येक गोष्ट आधी पातळ प्लास्टिकच्या पाकिटात.

गळ्यातल्या पिशवीचा मोह टाळा. तिची दोरी बारीक असते, कापायला सोपी, आणि गर्दीत ओढली गेली तर गळ्याला काच बसतो. हजच्या दिवसांत दाखवावं लागणारं नुसुक कार्ड गळ्यात असू द्या, पण गळ्यात फक्त तेच.

तवाफमध्ये पुरुषाचा उजवा खांदा उघडा, वरची चादर डाव्या खांद्यावर, नजर काब्याकडे, आणि हजरे अस्वदच्या समोर आलं की इशाऱ्यासाठी हात वर. वर्षानुवर्षं ज्यासाठी दुआ केली ती ही घडी. त्या वेळी खिशाची आठवणही येऊ नये. पण हरममध्येही खिसेकापू पकडले गेले आहेत, आणि हजरे अस्वद आणि मुल्तजमजवळची दाटी त्यांना ठाऊक असते. म्हणून मताफमध्ये उतरताना अंगावर फक्त रोजचा खिसा असावा. खोलीत तिजोरी असेल तर पासपोर्ट आणि रक्कम तिथे ठेवा. नसेल तर घरातल्या एकाने सगळं न नेता दोघा-तिघांच्या पट्ट्यांत वाटून घ्या. चपलांच्या पाठीवरच्या पिशवीत मौल्यवान काही ठेवू नये, ती पूर्णवेळ पाठीमागेच असते.

पट्टा चोरीला जाण्याइतकाच विसरून जातो, त्याच्या दोन ठरलेल्या जागा आहेत. पहिली विमानतळावरची सुरक्षा तपासणी. मुंबईहून उमऱ्याला निघणारे बरेच जण घरूनच किंवा विमानतळावर एहराम बांधतात, कारण थेट जेद्दाच्या विमानात मीकात हवेतच येते. तपासणीला पट्टा काढावा लागतो आणि तो ट्रेमध्ये उघडा पुढे जातो, आपण मात्र मागे रांगेत. रांगेत लागण्याआधीच पट्टा हातातल्या बॅगेत घालून बॅग बंद करा, आणि घरातल्या एकाने आधी पलीकडे जाऊन ट्रेजवळ उभं राहावं. दुसरी जागा मीनाची बाथरूम. खुंटीला लावलेला पट्टा तिथेच राहतो, बाहेर पुढचा माणूस दार वाजवत असतो आणि घाईत लक्षात येत नाही. पट्टा खुंटीला न लावता प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती पिशवी गळ्यात किंवा मनगटात अडकवावी. थोडं विचित्र वाटतं, पण कुणी बघत नाही.

तरीही गेलंच तर

लोकलमध्ये किंवा स्टेशनवर गेलं तर तक्रार रेल्वे पोलिसांकडे, म्हणजे जीआरपीकडे.  हद्दीवरून परत पाठवलं तर झिरो एफआयआरची मागणी करा. कोणतंही ठाणं ती नोंदवू शकतं. रेल्वेची हेल्पलाइन १३९, जीआरपीची १५१२. तक्रार लिहून घेताना शब्द नीट पाहा. ‘गहाळ’ लिहिलं तर ती वस्तू तुम्ही हरवली असा अर्थ होतो आणि तपास होत नाही. खिशातून काढलं गेलं असेल तर ती चोरी आहे, हिसकावून नेलं असेल तर तो वेगळा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आणि हिसकावण्यासाठी कलम ३०४ आहे.

मोबाईल गेला असेल तर आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर लगेच १९३० ला फोन. पोलिसांच्या तक्रारीची प्रत आणि आयएमईआय नंबर असेल तर संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवरून तो हँडसेट देशभर बंद करता येतो. हा नंबर *#०६# दाबून आजच कागदावर उतरवून घ्या, मोबाईल गेल्यावर तो कुठे बघणार? कार्डाचंही तसंच. पाच हजारांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय, नुसतं कार्ड मशीनजवळ नेऊन होऊ शकतो. बँकेच्या ॲपमध्ये ही सोय बंद ठेवता येते, प्रवासात ती बंदच असलेली बरी.

पासपोर्ट सौदीत गेला तर तिथल्या पोलिसांची नोंद घेऊन जेद्दातल्या भारतीय वाणिज्य दूतावासात जावं लागतं. परत येण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र तिथून मिळतं. त्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची आणि व्हिसाची झेरॉक्स, दोन फोटो जवळ असले तर धावपळ निम्म्याने कमी होते. ही झेरॉक्स पासपोर्टच्याच खिशात ठेवण्याची चूक अनेक जण करतात. अब्बांची झेरॉक्स अम्मीच्या खिशात आणि अम्मीची अब्बांच्या, आणि एक संच मीरा रोडला घरी राहणाऱ्या मुलाच्या मोबाईलमध्ये.